फ्लॅटमध्ये मिरची-टोमॅटोची रोपं: पहिले काही आठवडे उजेड वाढवा, पाणी आवरा

बाल्कनीत मिरची-टोमॅटो लावायचेत, पण बी टाकलं की रोपं उगवतात, लांबट होतात आणि चार दिवसांत आडवी पडतात, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधीच सांगतो, हाताला गुण नाही वगैरे काही नसतं. घरात कोवळं रोप मरतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी, उजेड कमी आणि पाणी जास्त, आणि ही दोन्ही कारणं हातात हात घालून येतात, कारण उजेड नसला की रोप पाणी ओढत नाही, माती ओलीच्या ओली राहते आणि आपण मात्र रोज सकाळी नेमाने पाणी घालत बसतो. एवढं डोक्यात बसलं तर बाकीचं सगळं सोपं आहे.

पहिल्यांदा वेळ ठरवा. मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर बी टाकलं तर पाऊस झोडपतो, ऊन नसतं आणि हवा इतकी दमट असते की बुरशीची चंगळ. म्हणून रोपं घरात करायची आणि पाऊस सरला की बाहेर काढायची. मी सणांवर हिशोब ठेवतो, लक्षात राहायला बरं पडतं. मिरची नारळी पौर्णिमेला टाकायची, टोमॅटो गणपती बसतात तेव्हा, आणि दोन्ही बाहेर कुंडीत जातात दसऱ्याला. मिरचीला जास्त वेळ का, तर ती मुळात आळशी आहे, उगवायलाच ८ ते १५ दिवस घेते आणि नंतरही हळूहळू वाढते, टोमॅटो मात्र ५ ते ८ दिवसांत वर येतो आणि साधारण पाच आठवड्यांत लावणीला तयार होतो. दोन्ही एकाच दिवशी टाकले तर टोमॅटो हाताबाहेर जातो आणि मिरची बोटभरच राहते.

बी कुठलं घ्यावं यावर फार वेळ घालवू नका. मिरचीत ज्वाला किंवा लवंगी कुंडीत छान येतात, टोमॅटोत चेरी किंवा झुडपासारखी आटोपशीर वाढणारी जात घ्या, वेलासारखी वाढत जाणारी नको, बाल्कनीत आधार देता देता जीव जातो. पाकिटावरची तारीख मात्र बघा. बी गुलाबी किंवा निळं-हिरवं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते पुन्हा भिजवायचं-धुवायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही आणि टाकून झाल्यावर हात साबणाने धुवायचे. स्वयंपाकघरातल्या सुक्या लाल मिरचीचं बीपण उगवू शकतं, पण मिरची जुनी असेल किंवा कडक उन्हात वाळवलेली असेल तर उगवण अगदीच कमी येते, आणि जे येईल ते आईसारखंच असेल याची खात्री नाही, तेव्हा सुरुवात पाकिटाच्या बीने करा.

आता माती. बागेतली किंवा सोसायटीच्या आवारातली माती वापरूच नका. छोट्या कपात ती दगडासारखी बसते, पाणी वर तुंबतं आणि सोबत बुरशी फुकट येते. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुश्याची, ६५० ग्रॅमची वीट आणा, बादलीत तीन-चार लिटर पाण्यात भिजवा, फुगून आठ-नऊ लिटर होतं. पण ते लगेच वापरायचं नाही, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि पिळायचं, कारण नारळाच्या सोडणात क्षार असतात आणि कोवळ्या मुळाला ते सोसत नाहीत, पानांच्या कडा करपतात आणि आपल्याला वाटतं खत कमी पडलं. पाकिटावर ‘धुतलेलं’ लिहिलं असलं तरी एकदा धुवाच. मग साधारण तीन वाट्या कोकोपीट, एक वाटी चाळलेलं गांडूळखत, असलं तर अर्धी वाटी परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि चमचाभर ट्रायकोडर्मा पावडर. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी आहे, वाईट बुरशीला जागा मिळू देत नाही, कृषी सेवा केंद्रात सहज मिळते, फक्त पाकीट ताजं बघून घ्या कारण ती जिवंत असते. ती घातली असेल तर रासायनिक बुरशीनाशक त्याच मातीत ओतू नका, ती वाया जाते.

मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. एवढीच ओल पुरे.

प्रो-ट्रे, म्हणजे छोट्या कप्प्यांचा रोपांचा ट्रे, मिळाला तर उत्तम, नाहीतर कागदी चहाचे कप किंवा दह्याचे डबे घ्या आणि तळाला चार-पाच भोकं पाडा, बिनभोकाचा कप म्हणजे मुळांसाठी डबकंच. बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका कपात दोन, वरून भुरभुर कोकोपीट, हलकं दाबून स्प्रेने पाणी, वर प्लास्टिक किंवा ओला पेपर. या टप्प्यावर उजेड लागत नाही, ऊब लागते, २५ ते ३० डिग्रीला उत्तम उगवतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरात तेवढं असतंच, हीटिंग मॅट वगैरे काही घेऊ नका. मात्र रोज दोनदा डोकावून बघायचं. पहिला हिरवा वाकडा दांडा दिसला की प्लास्टिक त्याच दिवशी काढायचं आणि ट्रे लाइटखाली. ‘सगळी उगवू देत मग काढू’ म्हणून थांबलात तर पहिली उगवलेली लांबट होऊन जातात.

कधी कधी बियाचं टरफल पानांना टोपीसारखं अडकून राहतं. ओढू नका. बोटाने पाण्याचा थेंब लावा, तासाभराने पुन्हा लावा, नरम होऊन बहुतेक वेळा स्वतःच पडतं. ओढलं तर दोन्ही पानं तुटून हातात येतात.

लाइटवर जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण इथेच सगळे फसतात. ‘आमच्या खिडकीत भरपूर उजेड आहे’ हे आपल्या डोळ्यांचं मत असतं, रोपाचं नाही. दुपारच्या कडक उन्हात बाहेर लाखाच्या आसपास लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, आणि पावसाळी दिवशी खिडकीपासून मीटरभर आत तेच हजाराच्याही खाली येतात. डोळे जुळवून घेतात म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. नवरात्रात घटाजवळ पेरलेलं धान्य आठवा, देवघराच्या अंधुक उजेडात ते कसं पिवळट, उंच आणि नाजूक वाढतं, तसंच टोमॅटोचं होतं. उजेड शोधत दांडा ताणतो, आणि तो ताणलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही.

महागडी जांभळी ग्रो लाइट लागत नाही. दोन फुटी १० वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, ६५०० केल्विन म्हणजे दुकानात ज्याला कूल डेलाइट म्हणतात त्या, शेजारी शेजारी लावा, एका ट्रेला पुरतात. रोपाच्या शेंड्यापासून १० ते १२ सेंटिमीटरवर. ट्यूब छताला आणि ट्रे जमिनीवर असं केलं तर काही उपयोग नाही, जवळ पाहिजे, आणि रोप वाढलं की ट्यूबपण वर सरकवायची म्हणून दोरीला किंवा साखळीला टांगा. हात शेंड्याच्या उंचीवर मिनिटभर धरून बघा, गरम लागलं तर थोडी वर घ्या. रोज १४ ते १६ तास, टायमर लावून टाका म्हणजे विसरायला नको. २० वॅट १६ तास म्हणजे दिवसाला एक तृतीयांश युनिटसुद्धा नाही, महिन्याला दहाएक युनिट. आणि चोवीस तास चालू ठेवायचा मोह आवरा, टोमॅटोला सलग उजेड सोसत नाही, पानांवर पिवळे डाग पडतात. रात्र त्यालाही लागते.

सोबत एक छोटा पंखा, मंद, थेट तोंडावर नाही, पानं जेमतेम हलतील एवढा. दांडा हलला की जाड होतो, आणि मातीचा वरचा थर कोरडा राहतो. पावसाळ्यात पंखा नसेल तर लाइट कितीही चांगला असो, बुरशी येणार.

पाण्याचं गणित कप उचलून करा. पाणी घातल्यावर कप किती जड लागतो ते हाताला कळू द्या, मग रोज उचलून बघा, हलका झाला की पाणी, नाहीतर नाही. वर कोरडं दिसतंय म्हणून घालू नका, कोकोपीट वर सुकतं आणि आत चिंब असतं. पाणी खालून द्या, ताटात बोटाच्या पेराएवढं पाणी घालून त्यात कप १५-२० मिनिटं ठेवा, मग उरलेलं ओतून टाका. यामुळे दांड्याचा बुंधा कोरडा राहतो आणि मुळं खाली जातात. सकाळी द्या, रात्री नाही. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं, ऑक्टोबरचं ऊन तापलं की रोजही लागेल, म्हणून ‘किती दिवसांनी’ असं विचारू नका, कप उचला. रोप मान टाकून उभं असेल तर हात आपोआप पाण्याकडे जातो, पण पाणी जास्त झालं तरी रोप अशीच मान टाकतं कारण मुळं गुदमरतात. कप जड आणि मान खाली असेल तर पाणी बंद, पंखा चालू.

बुंध्याशी दांडा पाणचट, बारीक दोऱ्यासारखा होऊन रोप आडवं झालं तर ती रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशी करतात. पडलेलं रोप वाचत नाही, त्याला काडी लावून उभं करण्यात अर्थ नाही, कपासकट बाहेर काढा, बाकीच्यांचं पाणी थांबवा, हवा वाढवा. प्रो-ट्रेमध्ये एक पडलं की शेजारची दोन दिवसांत जातात म्हणून वेळ घालवू नका. फारच पसरली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक पाकिटावरच्या प्रमाणात, हातमोजे घालून, मग मातीतली ट्रायकोडर्मा गेली असं समजा, पण खरं सांगायचं तर कोरडा बुंधा आणि वारा असेल तर ही वेळ येत नाही.

मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर तेही जास्त ओलीचंच लक्षण. माशी काही करत नाही, तिच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळा चिकट सापळा लावा आणि वरचा इंचभर थर नीट सुकू द्या, अळ्यांना ओल लागतेच. गांडूळखत ओलं आणि उघडं ठेवलं तरी त्यातून येतात, पिशवी बांधून ठेवा.

खताची घाई तर अजिबात नको. उगवताना येतात ती दोन लांबट पानं म्हणजे बीजपत्रं, त्यात रोपाची शिदोरी असते. त्यानंतर टोमॅटोला कातरलेल्या कडांची आणि मिरचीला साध्या सलग कडांची पानं येतात ती खरी पानं. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) अर्धा ग्रॅम एक लिटर पाण्यात, आठवड्यातून एकदा, पाण्याऐवजी. अर्धा ग्रॅम म्हणजे अगदी चिमूट, चमचा नाही. बीजपत्रं पुढे पिवळी पडून गळतात, ते बरोबरच आहे, त्यासाठी खत वाढवू नका. हेच सगळं कुणी पुण्या-नाशकाकडे डिसेंबरात करत असेल आणि पानांची खालची बाजू जांभळी दिसली तर तेही खत कमी म्हणून नाही, गारठ्यात मुळांना फॉस्फरस ओढता येत नाही, ट्रे उबेत सरकवा.

कपात दोन्ही बिया उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने बुंध्याशी कापा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. जीवावर येतं, मला कळतं, पण एका कपात दोन ठेवली तर दोन्ही किरकोळ राहतात.

दोन-तीन जोड्या खरी पानं झाली की चार इंची पिशवीत हलवा. रोप पानाला धरा, दांड्याला कधीच नाही, पान तुटलं तर दुसरं येतं, दांडा चेपला तर रोप गेलं. टोमॅटो बीजपत्रापर्यंत खोल गाडता येतो, गाडलेल्या दांड्याला नवीन मुळं फुटतात, त्यामुळे थोडा लांबट झालेला टोमॅटोसुद्धा इथे सावरतो. मिरचीला तो फायदा जवळपास मिळत नाही, ती होती त्याच पातळीला लावा. दोन दिवस लाइट जरा वर ठेवा, मग पूर्ववत.

अजून एक गोष्ट, आणि ही आपल्याकडे जास्त लागू आहे. तंबाखू मळली, विडी-सिगारेट ओढली तर साबणाने हात धुतल्याशिवाय या रोपांना हात लावू नका, लावू देऊ नका. तंबाखू, मिरची, टोमॅटो एकाच कुळातले, आणि तंबाखूतला मोझॅक व्हायरस सुकलेल्या पानातही टिकतो आणि बोटांवरून रोपात जातो. त्यावर औषध नाही.

घटस्थापनेला बाहेर काढायला सुरुवात करा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं वाढवत, चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन, अष्टमी-नवमीपर्यंत दिवसभर. ट्यूबखालचं पान कितीही हिरवं असलं तरी उन्हाला ते नवखंच असतं, एकदम ठेवलं तर पांढरे करपट चट्टे पडतात. या नऊ दिवसांत पाणी थोडं ताणा, खत बंद, आणि परतीचा पाऊस कडाडला तर आत घ्या. दसऱ्याला संध्याकाळी ऊन उतरल्यावर लावणी करा, मिरची १२ इंची कुंडीत, टोमॅटो निदान १५ लिटरच्या पिशवीत, टोमॅटोची काठी त्याच वेळी खोचा म्हणजे नंतर मुळं तुटणार नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे वरून अगदी बारीक विणीची कीटकरोधक जाळी टाका, मच्छरदाणीच्या भोकांतून हे किडे सहज आत जातात म्हणून ती नको, कारण फुलकिडे आणि पांढरी माशी कोवळ्या पानांवरच येतात आणि मिरचीला चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळणं, बहुतेक वेळा त्यांच्यामुळे होतो. जाळी कडेने मातीत दाबा किंवा कुंडीला दोरीने बांधा. रोज सकाळी पानं उलटून खालची बाजू बघत जा, आणि फुलं यायला लागली की दिवसा जाळी उघडी ठेवा.