होव्हर मेनूला उशीर लावताना या चुका टाळा

वेबपेजवरच्या होव्हर मेनूत, म्हणजे बटणावर माउस नेताच उघडणाऱ्या मेनूत, माउस नुसता वरून सरकत गेला तरी सबमेनू उघडतो, म्हणून आपण जावास्क्रिप्टचा सेटटाइमआउट (ठरलेल्या वेळाने कोड चालवणारा टायमर) लावून २०० मिलिसेकंद थांबतो. बहुतेकांचा कोड इथेच संपतो. पण टायमर लावणं सोपं, तो वेळेवर रद्द करणं हे खरं काम.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: टायमरचा आयडी (त्याचा ओळख क्रमांक) हँडलरच्या, म्हणजे माउसची हालचाल झाली की चालणाऱ्या फंक्शनच्या, आतच let व्हेरिएबलमध्ये ठेवणं. हँडलर संपला की तो आयडी गेला. मग माउस बाहेर पडल्यावर टायमर रद्द करणाऱ्या क्लिअरटाइमआउटला देणार काय? वाचणारा खालच्या मजकुरात पोचलेला असतो आणि वर मेनू उघडतो. आयडी दोन्ही हँडलरना दिसेल अशा बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नवा टायमर लावण्याआधी जुना रद्द करा. तो आधीच संपलेला असला तरी क्लिअरटाइमआउट एरर देत नाही, त्यामुळे वेगळी तपासणी नको.

मेनू कधी उघडतो, कधी नाही, असं होत असेल तर माउसओव्हर वापरलंय का ते बघा. हा इव्हेंट बबल होतो, म्हणजे आतल्या घटकावर घडलेला बाहेरच्या घटकापर्यंतही पोचतो. बटणातल्या अक्षरांवरून शेजारच्या आयकॉनवर गेलात की आधी माउसआउट, मग पुन्हा माउसओव्हर येतो, आणि टायमर दर वेळी पहिल्यापासून सुरू होतो. माउसएंटर आणि माउसलीव्ह घ्या, ते आतल्या घटकांमुळे चाळवत नाहीत. टायमरच्या आत इव्हेंटचं करंटटार्गेट (ज्या घटकावर हँडलर लावलाय तो) वाचू नका, तोवर ते नल, म्हणजे रिकामं झालेलं असतं. घटक आधीच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

बंद होण्यालाही उशीर हवा, हे फार जण विसरतात. माझ्या मते उघडण्यापेक्षा इथे जास्त सैल हात ठेवावा, ३००-४०० मिलिसेकंद. बटण आणि पॅनेल (उघडलेला सबमेनू) यांच्यात आठ पिक्सेलचं मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) असलं तरी ती फट ओलांडताना माउसलीव्ह लागू शकतो. पॅनेलवर माउस पोचला की बंद करणारा टायमर रद्द करा. मार्जिनऐवजी पॅनेलच्या वेष्टनाला पॅडिंग (घटकाच्या आतली मोकळी जागा) दिलंत तर फटच उरत नाही.

कीबोर्डवाल्यांना मात्र ताटकळत ठेवू नका: एंटर दाबताच मेनू उघडावा, एस्केप दाबला की मिटावा. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत), निकष १.४.१३ खाली, होव्हरने आलेला मजकूर माउस न हलवता मिटवता यायला हवा असं स्पष्ट म्हटलंय. मोबाइलवर होव्हर नसतोच, तिथे क्लिकवर उघडणारा वेगळा हँडलर लिहा.