एमबीएच्या मुलाखतीआधी घरची वही उघडा

परीक्षेचा भाग सोपा आहे, तो आधी उरकतो. कॅट ही एमबीएची मुख्य प्रवेश परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी असते. तीन भाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. पदवीला किमान 50 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना 45. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकला तर एक कापला जातो, म्हणून अंदाजपंचे ठोकून देऊ नका. झॅट (XAT) ही दुसरी प्रवेश परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला येते. सांखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटकडे जायचं असेल तर यांपैकी एक तरी द्या. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलची प्रवेशसूचना वेगळी निघते. ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, मित्राने पाठवलेल्या फॉरवर्डवर विसंबू नका. रहिवासी दाखला आणि जातीचा दाखला डिसेंबरातच करून ठेवा. निकाल लागल्यावर मामलेदार कचेरीत धावणारी मुलं मी दर वर्षी बघतो.

गटचर्चेबद्दल एवढंच: सर्वांत आधी बोलण्यासाठी झटू नका. दुसऱ्याचा मुद्दा नाव घेऊन पुढे न्या, एक ठोस उदाहरण द्या आणि थांबा.

आता मुलाखत. मी इथेच आपटलो होतो, आणि सर्वांत वाईट सल्लेही इथेच मिळतात.

आमचं घर गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीचं. बाबांचा एक ट्रक होता, लोहखनिज वाहतुकीचा. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि ट्रक अंगणात उभा राहिला. 2013 च्या मार्चमध्ये मी पहिल्यांदा मुलाखतीला बसलो. समोर तिघे होते. मधल्या बाईंनी माझा अर्ज बघितला आणि विचारलं, ‘वडिलांचा ट्रक दिवसाला किती खेपा मारायचा? एका खेपेमागे सुटायचं किती?’

मला माहीत नव्हतं. त्या ट्रकवर माझं शिक्षण झालं होतं आणि मला त्याच्या खेपा माहीत नव्हत्या. क्लासने पाठ करून घेतलेलं मी सुरू केलं: नेतृत्वगुण, संघभावना, आव्हानांची आवड. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं आणि तोच प्रश्न परत विचारला. माझी निवड झाली नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढच्या डिसेंबरात मी बाबांसमोर बसलो. त्यांनी कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. तारीख, खेपा, डिझेल, ड्रायव्हरचा पगार, मध्येच ‘टायर, मागचे दोन’. आणि दर महिन्याच्या सात तारखेला एकच शब्द, ‘हप्ता’. सप्टेंबर 2012 नंतरच्या पानांवर सगळे रकाने कोरे होते, हप्त्याचा तेवढा भरलेला. बीकॉमला तीन वर्षं मी स्थिर खर्चाची व्याख्या लिहीत आलो होतो. ती वही बघितली तेव्हा स्थिर खर्च म्हणजे काय ते मला कळलं.

म्हणून माझा आग्रह आहे: मुलाखतीच्या दोन महिने आधी घरातला नाहीतर शेजारचा एक धंदा निवडा आणि त्याचा हिशेब समजून घ्या. कुळागर म्हणजे माडा-पोफळीची बागायत, काजूची दारू गाळणारी भट्टी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला पसरा, चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान विकणारी मावशी, काहीही चालेल. आईवडील नोकरीत असतील तर रोज जिथून सामान घेता त्या दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक नसताना, दुपारी जा. लोक सांगतात, आवडीने सांगतात.

विचारायचं काय? माल कुठून येतो आणि उधारीवर येतो का. धंदा बंद असला तरी कोणता खर्च चालूच राहतो. पैसे हातात कधी पडतात. आणि गिऱ्हाईक किती आहेत. हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा तोच. गोव्याचं खनिज कमी प्रतीचं. ते मुख्यतः चीनला जायचं, ट्रकने जेटीपर्यंत, तिथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगावकडे. हजारो ट्रकांचं पोट जवळजवळ एका गिऱ्हाइकावर चालत होतं. खाणी बंद झाल्या नसत्या तरी तो धोका होताच. दुसऱ्या वर्षी मला विचारलं, ‘2010 साली तुम्ही ट्रक घेतला असता का?’ तेव्हा मी हेच सांगितलं. घेतला असता, पण दुसरा घेतला नसता, आणि पहिल्याचं कर्ज कमी मुदतीचं काढलं असतं. त्यावर पंधरा मिनिटं आमची चर्चा रंगली.

तुमच्या सोयीची गोष्ट म्हणजे मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात आणि काजूचा हंगामही तेव्हाच असतो. भट्टी निवडली असेल तर प्रत्यक्ष जाऊन उभे राहा. बोंडू मळण्यापासून उर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, निघेपर्यंत आणि उर्राकापासून फेणी होईपर्यंत सगळं बघा. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे पाठ असून भागत नाही; त्या मानांकनाने तुमच्या गावच्या भट्टीवाल्याला चार पैसे जास्त मिळाले का, ते त्यालाच विचारून जा.

आकडे बनवू नका. सत्तरीची एक मुलगी माझ्याकडे तयारीला होती. तिने काजूच्या उत्पन्नाचा आकडा वाढवून सांगितला. समोरच्या प्राध्यापकांनी कागदावर झाडांची संख्या गुणली, हिशेब जुळला नाही आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली. नक्की आकडा माहीत नसेल तर सरळ म्हणा, मला नक्की माहीत नाही, पण अंदाज असा काढेन. तो अंदाज मोठ्याने काढून दाखवा.

पर्यटनाबद्दलही जपून. गोव्याचा प्रत्येक उमेदवार पर्यटनावर बोलतो आणि प्रत्येक जण एकच बोलतो. बोलायचंच असेल तर पावसाळ्यावर बोला. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळ, पावसाआधी उतरवावा लागतो. मग ते चार महिने मालक कामगारांचं काय करतो, सामान कुठे ठेवतो, पुढच्या हंगामासाठी भांडवल कुठून उभं करतो? हे एका शॅकवाल्याकडून ऐकून गेलात तर तुमचं बोलणं इतरांपेक्षा वेगळं पडेल.

आता भाषा. आपल्यातले पुष्कळ जण चौथीपर्यंत मराठीत शिकले आणि पाचवीपासून इंग्रजीत. अडखळण्याची भीती मला ठाऊक आहे. क्लासवाले यावर मोठमोठे शब्द देतात. ते घेऊ नका. आधी सगळं आजीला मराठीत सांगा. ती मध्येच ‘म्हणजे काय रे?’ म्हणेल, तिथे तुमचं तुम्हालाच नीट कळलेलं नाही असं समजा. ती जागा दुरुस्त करा. मग तेच लहान लहान इंग्रजी वाक्यांत मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. शेवटी एका मित्राला समोर बसवून प्रत्येक उत्तराला ‘का?’ विचारायला सांगा. चौथ्या ‘का’ला टिकलात की तयारी झाली.

‘एमबीए का?’ या प्रश्नाचं उत्तरही याच वहीतून काढा. मी म्हणालो, बाबांना खेपा मोजता येत होत्या, धोका मोजता येत नव्हता, आणि मला तो मोजायला शिकायचं आहे. पगाराबद्दल विचारलं तर पगार हवा आहे असं मोकळेपणाने सांगा, त्यात गैर काही नाही.

पदवीचा विषय मात्र चाळून जा. बीएस्सीवाल्याला रसायनशास्त्र विचारतात, आणि ‘विसरलो’ हे उत्तर फार वाईट दिसतं.

निवड झाल्यावरचं थोडक्यात. पहिल्या सत्रात जवळजवळ सगळं काम गटात असतं. गट निवडायची मुभा मिळाली तर आपल्याच कॉलेजच्या चौघांनी एकत्र बसू नका. एक कॉमर्सचा, एक इंजिनिअर, एक कुठेतरी नोकरी करून आलेला, असा गट बांधा. जमाखर्चाची गाडी अडली की कॉमर्सवाला रात्री अकराला समजावतो, संख्याशास्त्राला त्याची परतफेड होते. होस्टेलवर राहणाऱ्यांनी पहिले दोन महिने दर शनिवारी घरी पळू नये. सादरीकरणं बहुधा सोमवारी असतात आणि त्यांची खरी तयारी रविवारी रात्री होते. आणि उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपन्या कॅम्पसवर येण्याची वाट बघत बसू नका. दिवाळीनंतर वेर्णा नाहीतर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याच्या हिशेब विभागात जाऊन भेटा, आणि तुमची स्वतःची ‘निळी वही’ सोबत न्या.