मॉडेल रॉकेटचा छंद, दायित्व विमा आणि क्लबची वर्गणी : या चुका टाळा

मॉडेल रॉकेट उडवणाऱ्यांमध्ये इंजिन, पॅराशूट आणि लाँच पॅड यांची चर्चा तासन्‌तास रंगते, विम्याचा कागद मात्र बहुतेक जण पहिल्यांदा वाचतात तो एखाद्या जमीनमालकाने मैदान देण्याआधी "काही झाले तर भरपाई कोण देणार?" असे विचारल्यावर. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यत्वात सापडते. १९५७ मध्ये स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री, म्हणजेच एनएआर, आणि प्रामुख्याने मोठ्या रॉकेटांसाठी ओळखली जाणारी ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन्ही संघटना सदस्यांना सामूहिक दायित्व विम्याचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याची हानी झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचा, लाभ देतात. एकट्या छंदिष्टाने असा विमा स्वतंत्रपणे घ्यायचे ठरवले तर तो मिळणे कठीण जाते आणि मिळालाच तर महाग पडतो. म्हणून संघटनेची वार्षिक वर्गणी हाच सर्वांत परवडणारा मार्ग ठरतो. परंतु वर्गणी भरली की सर्व काही सुरक्षित झाले, या समजुतीतूनच पुढच्या बहुतेक चुका घडतात.

घराच्या विम्यावर विसंबून राहणे

"माझ्या घराच्या पॉलिसीत दायित्वाचे कलम आहे, मग वेगळा खर्च कशाला?" हा युक्तिवाद पूर्णपणे निराधार नाही. अमेरिकेतील घरविम्याच्या प्रचलित नमुन्यात विमानांपासून उद्भवणारे दायित्व वगळलेले असते, परंतु माणसे किंवा माल वाहून नेण्यासाठी न बनवलेल्या मॉडेल वा छंदाच्या विमानांना त्या वगळणुकीतून सूट दिलेली असते. मात्र रॉकेट या सूटीत बसते की नाही, याचा अर्थ प्रत्येक विमा कंपनी आपापल्या परीने लावू शकते, शिवाय अनेक कंपन्या मूळ नमुन्यातील शब्द बदलून आपली पॉलिसी तयार करतात. म्हणून एजंटने दूरध्वनीवर दिलेल्या होकारावर समाधान मानू नये. रॉकेटचा स्पष्ट उल्लेख करून प्रश्न लेखी पाठवावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. त्याच पत्रात आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी : एकाच घटनेला घराची आणि संघटनेची अशा दोन्ही पॉलिसी लागू झाल्या, तर आधी कोणती भरपाई देणार आणि उरलेली रक्कम कोणती उचलणार? दावा आल्यावर हा खुलासा मागणाऱ्याचे कित्येक महिने वाया जातात.

स्थानिक वर्गणीलाच राष्ट्रीय सदस्यत्व समजणे

स्थानिक क्लब मैदानाचे भाडे आणि लाँच पॅडची देखभाल यांसाठी वेगळी वर्गणी घेतात. ती भरल्याने राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व आपोआप मिळत नाही, आणि वैयक्तिक विम्याचे संरक्षण बहुधा त्या राष्ट्रीय सदस्यत्वालाच जोडलेले असते. याच्याशी निगडित दुसरी चूक म्हणजे मुदत संपलेले कार्ड खिशात बाळगून उडवत राहणे. अनेक पॉलिसींमध्ये घटना घडली त्या दिवशी सदस्यत्व चालू होते का, एवढेच पाहिले जाते. नंतर भरलेली वर्गणी मागील तारखेला लागू होत नाही. काही महिन्यांची वर्गणी वाचवण्यासाठी हिवाळ्यात खंड पाडणारे सदस्य वसंतातल्या पहिल्या उड्डाणाला नेमके असेच सापडतात. पैसे वाचवायचे असतील तर तरुणांसाठीच्या कमी दराच्या सदस्यत्वाची चौकशी करावी आणि दोन संघटनांपैकी आपल्या उड्डाणांना कोणती योग्य आहे ते ठरवून एकीतच राहावे. काही ठिकाणी संरक्षण केवळ अधिकृत उड्डाण मेळाव्यापुरते असते, तर काही ठिकाणी सदस्य एकट्याने उडवत असतानाही ते लागू होते. मोकळ्या मैदानावर कुटुंबासह उडवणाऱ्याने वर्गणीच्या आकड्याआधी हा फरक पाहिला पाहिजे.

सुरक्षा संहितेला शोभेचा कागद मानणे

माझ्या मते सर्वांत गंभीर चूक हीच आहे. हा छंद मुळात अपघातांना उत्तर म्हणून उभा राहिला. घरी इंधन मिसळून रॉकेट बनवणारे तरुण जखमी होत असल्याचे पाहून रॉकेट अभियंते व लेखक जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ मध्ये लेखणी हाती घेतली, आणि ऑर्व्हिल कार्लाइल या छंदिष्टाने तयार केलेल्या लहान, बदलता येणाऱ्या इंजिनांच्या आधारे सुरक्षित पर्याय पुढे आला. विमा कंपन्या या छंदाला स्वस्त दरात संरक्षण देतात ते याच शिस्तीच्या भरवशावर, आणि म्हणूनच संहितेचे पालन ही त्या संरक्षणाची अट असते.

एनएआरच्या मॉडेल रॉकेट संहितेनुसार केवळ प्रमाणित, कारखान्यात बनलेली इंजिने वापरायची असतात आणि त्यांच्यात कोणताही फेरफार करायचा नसतो. घरी बनवलेल्या इंजिनाने केलेले उड्डाण या चौकटीबाहेरच जाते. इंजिनांचे गट शक्तीच्या चढत्या क्रमाने ए, बी, सी अशा अक्षरांनी ओळखले जातात. डी गटापर्यंतच्या इंजिनांसाठी किमान १५ फूट आणि त्याहून मोठ्यांसाठी ३० फूट दूर उभे राहावे लागते, वाऱ्याचा वेग ताशी २० मैलांपेक्षा जास्त असता कामा नये, रॉकेट उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आतच सोडावे लागते, आणि लाँच पॅडजवळ वाळलेले गवत नसावे लागते. प्रज्वलन झाले नाही तर प्रज्वलनाचा विद्युतप्रवाह रोखणारी सुरक्षा किल्ली काढून ६० सेकंद थांबल्याशिवाय कोणीही जवळ जायचे नसते. यातील वाळलेल्या गवताचा नियम मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण एका ठिणगीने शेजारच्या शेतापर्यंत पोहोचणारी आग ही या छंदातील सर्वांत महागडी संभाव्य हानी आहे. आगीसाठी पॉलिसीत वेगळी कमाल मर्यादा आहे का, ती प्रत्येक घटनेसाठी आहे की संपूर्ण वर्षासाठी, हे आवर्जून तपासावे.

जमीनमालकाला आपल्याच विम्यात गृहीत धरणे

तुमचे वैयक्तिक संरक्षण तुमच्यावर येणाऱ्या दाव्यासाठी असते. जमीनमालकावर दावा आला तर त्याचा बचाव त्यातून होईलच असे नाही. त्यासाठी मालकाचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून नोंदवून तसे विमा प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि ते सहसा क्लबमार्फत, वेगळे शुल्क भरून मिळते. मैदान नाकारले जाण्याचे कारण अनेकदा या प्रमाणपत्रातच असते : जमीन एखाद्या कंपनीच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या नावावर असताना कागदावर कसणाऱ्या शेतकऱ्याचे नाव येते, पत्ता टपालाचा असतो पण भूखंडाचा नसतो, किंवा उड्डाणाची तारीख प्रमाणपत्राच्या मुदतीबाहेर जाते. शाळेचे मैदान असेल तर शाळा आणि तिची प्रशासकीय संस्था या दोघांची नावे हवीत का, हे आधीच विचारावे. अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रॉकेट स्पर्धेसाठी सराव करणाऱ्या शालेय संघांनी तर हे काम इंजिनांच्या खरेदीपूर्वी उरकावे, कारण कागद दुरुस्त होऊन येईपर्यंत सरावाचे दिवस हातचे जातात.

विमा म्हणजे परवानगी नव्हे

फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या वर्गीकरणात १२५ ग्रॅमपर्यंत इंधन आणि इंधनासह १५०० ग्रॅमपर्यंत वजन असलेली, कागद, लाकूड किंवा ठिसूळ प्लास्टिकची रॉकेटे पहिल्या वर्गात येतात. त्यापुढील उच्च शक्तीच्या रॉकेटांसाठी हवाई क्षेत्राची स्वतंत्र मंजुरी लागते, आणि एच गटापासूनच्या इंजिनांसाठी संघटनेचे प्रमाणीकरणही हवे. कॅलिफोर्नियात राज्याच्या फायर मार्शलचे, म्हणजे अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचे, नियम याशिवाय लागू होतात.

दुर्घटनेनंतर घाईने बोलणे

दायित्व विमा दुसऱ्याच्या हानीसाठी असतो. तुटलेले स्वतःचे रॉकेट किंवा स्वतःची दुखापत त्यात सहसा येत नाही, आणि मानधन घेऊन केलेले प्रात्यक्षिकही वगळलेले असू शकते. एखाद्या गाडीची काच फुटली तर आधी कोणी जखमी झाले आहे का ते पाहावे, आग लागली असल्यास अग्निशमन दलाला बोलवावे. त्यानंतर छायाचित्रे काढावीत, साक्षीदारांची नावे, वाऱ्याचा वेग आणि इंजिनाचा प्रकार टिपून ठेवावा, आणि रॉकेटचे अवशेष दुरुस्त न करता जपावेत. समोरच्याशी सौजन्याने आणि आपुलकीने वागावे, मात्र चूक कोणाची होती याविषयी मत देऊ नये व भरपाईचे वचनही देऊ नये, कारण विमा कंपनीच्या संमतीविना दिलेले असे वचन तिच्यावर बंधनकारक नसते. नुकसान किरकोळ वाटले तरी क्लबच्या पदाधिकाऱ्यांमार्फत संघटनेला त्याच दिवशी लेखी कळवावे. उशिरा दिलेली सूचना हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते.