मराठीतून स्पॅनिशकडे: आयबीच्या हायर लेव्हलचा अभ्यास कसा करावा

मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत अकरावीचे विषय ठरवताना अनेक मुलं ‘स्पॅनिश बी’, म्हणजे परकी भाषा म्हणून स्पॅनिश, घेतात, आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: स्टँडर्ड लेव्हल घ्यायची की हायर? आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात स्टँडर्डसाठी 150 तासांचं अध्यापन धरलेलं असतं, हायरसाठी 240. हायरला दोन साहित्यकृती मूळ स्पॅनिशमधून वाचाव्या लागतात आणि तोंडी परीक्षाही त्यांच्यावरच उभी असते. हायर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मुलांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकच आहे. घरी मराठी बोलत असाल, तर स्पॅनिश इंग्रजीतून शिकू नका. वर्गात शिकवणं इंग्रजीतून होत असलं, तरी डोक्यात मराठीच जागी ठेवा.

आधी स्वतःला तपासा

हायर हा नवशिक्यांचा अभ्यासक्रम नाही. शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी ‘आब इनिशिओ’ हा वेगळा अभ्यासक्रम आहे आणि तो फक्त स्टँडर्ड लेव्हललाच असतो. हायर घेण्याआधी एक साधी चाचणी करा. मागच्या सुट्टीत काय काय झालं ते फोनवर रेकॉर्ड करत दोन मिनिटं स्पॅनिशमध्ये सांगा. चुका झाल्या तरी हरकत नाही, पण भूतकाळात गोष्ट पुढे सरकते का ते ऐका. प्रत्येक वाक्याला अडत असाल तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोला. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज तासभर दिला तर बराच अनुशेष भरून निघतो.

व्याकरण मराठीवर बसवा

इंग्रजीतून विचार करणाऱ्या मुलाला ‘मे गुस्ता’ उलटं वाटतं, कारण त्यात ‘मी’ कर्ता नाही. आपल्याला ते लहानपणापासून येतं: ‘मला आवडतं’. वस्तू अनेक असल्या की आपण ‘मला पुस्तकं आवडतात’ म्हणतो, तसंच स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लोस लीब्रोस’. क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं, हे मराठी मुलाला समजावून सांगावंच लागू नये.

दुसरं उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. ‘मी घर बघतो’ पण ‘मी मारियाला बघतो’. कर्म माणूस असलं की आपण ‘ला’ लावतो. स्पॅनिशमध्ये हेच काम ‘आ’ करतं: ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारीआ’. इंग्रजीत याला जोडच नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणारे हा ‘आ’ शेवटपर्यंत विसरत राहतात.

भूतकाळाची दोन रूपं म्हणजे अनेकांची डोकेदुखी. तिथेही आपली सोय आहे. ‘लहानपणी आम्ही कोकणात जायचो’ म्हणायचं असेल तर ‘ईबामोस’, आणि ‘गेल्या वर्षी आम्ही कोकणात गेलो’ यासाठी ‘फुईमोस’. वाक्य आधी मराठीत मनात म्हणा. ‘-यचो’ आलं की एक रूप, ‘-लो’ आलं की दुसरं. प्रत्येक वाक्यात हे चालणार नाही, पण बहुतेक वेळा कान बरोबर दिशा दाखवतो. तसंच हातून पेला पडला तर स्पॅनिश माणूस ‘से मे कायो एल बासो’ म्हणतो. दोष स्वतःवर न घेण्याची ही रचना ‘माझ्या हातून पडला’च्या अगदी जवळची आहे.

आता सगळ्यात अवघड मानला जाणारा भाग, सुबहुन्तीवो. इच्छा, आग्रह, आशा व्यक्त करताना क्रियापद रूप बदलतं. ‘किएरो के बेंगास’ याचा सरळ अर्थ ‘तू यावंस असं मला वाटतं’. आपलं ‘यावंस’ हेच काम करतं. ‘ओहाला युएबा’ म्हणजे ‘पाऊस पडो’. हे ‘-आवं’ आणि ‘-ओ’ कानात असले की अर्धी भीती जाते. उरलेल्या जागा मात्र वेगळ्या पाठ कराव्या लागतात. ‘तो येईल असं मला वाटत नाही’ यात आपण साधा भविष्यकाळ वापरतो, स्पॅनिश तिथेही सुबहुन्तीवो मागतं. ‘पोचलास की फोन कर’ यातही तसंच. अशा न जुळणाऱ्या जागांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा.

मराठी जिथे फसवते

दोन ठिकाणी सावध राहा. मराठीत ‘आहे’ एकच, स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. तोंडी परीक्षेत कथेतल्या पात्राबद्दल बोलताना ही गल्लत अर्थच बदलून टाकते. दुसरं म्हणजे मराठीत नामाआधी ‘एल’, ‘ला’ यांसारखे शब्द नसतात, त्यामुळे आपल्या मुलांच्या लेखनात ते गळतात. संगीत आवडतं म्हणताना ‘मे गुस्ता ला मूसिका’, त्यातला ‘ला’ हवाच. प्रत्येक नाम त्या शब्दासकट पाठ करा, म्हणजे लिंगही आपोआप लक्षात राहतं.

उच्चारात आपण नशीबवान आहोत. स्पॅनिशचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांवर जीभ टेकून येतात, तेव्हा ‘टाको’ नको, ‘ताको’ म्हणा. स्वर कुठेही गिळू नका, ‘चोकोलाते’ चारही स्वरांसकट पूर्ण म्हणा. मेहनत घ्यायची ती लांब ‘र्र’वर, कारण ‘पेरो’ म्हणजे पण आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा.

रोज ऐका, तेही वेगवेगळ्या देशांचं

ऐकण्याच्या आणि वाचनाच्या परीक्षेला मिळून निम्मे गुण आहेत. दोन्ही एकेका तासाच्या, प्रत्येकीत तीन उतारे. ऐकण्यात बहुतेकांचे गुण जातात, कारण वर्गात फक्त शिक्षकांचा आवाज कानावर पडलेला असतो. रोज वीस मिनिटं बाजूला काढा. स्पेनसाठी तिथल्या सरकारी वाहिनीच्या, आरटीव्हीईच्या बातम्या, लॅटिन अमेरिकेसाठी ‘रादिओ आंबुलांते’ हा पॉडकास्ट. त्यात त्या त्या देशातली माणसं आपापल्या गोष्टी सांगतात, म्हणून तो मला सगळ्यात उपयोगी वाटतो. पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका, मग मजकूर समोर ठेवून, मग पुन्हा न बघता. वाचनासाठी बीबीसीची स्पॅनिश सेवा ‘बीबीसी मुंदो’ आणि स्पेनचं दैनिक ‘एल पाईस’ पुरेसे आहेत. शब्द अडला तर राजेशाही स्पॅनिश अकादमीचा कोश इंटरनेटवर मोफत आहे. अर्थ स्पॅनिशमध्येच वाचायची सवय याच वर्षी लागू दे.

लेखन: आधी वाचक ओळखा

लेखनाच्या परीक्षेत दीड तासात 450 ते 600 शब्द लिहायचे असतात. गुण 30. त्यात भाषेला 12, आशयाला 12 आणि 6 गुण संकल्पनेच्या समजेला, म्हणजे कोणासाठी, कशासाठी, कोणत्या प्रकारात लिहिलंय याच्या भानाला. मुलं हे 6 गुण सहज गमावतात. मित्राला ईमेल असेल तर स्पॅनिशमध्येही ‘तू’, मुख्याध्यापकांना पत्र असेल तर आदरार्थी ‘उस्तेद’. तू आणि आपण यांतला फरक घरात जपणाऱ्या मुलाला यात अडायचं कारण नाही, फक्त शेवटच्या ओळीपर्यंत तो सांभाळा. मध्येच ‘तू’ घुसला तर परीक्षकाला लगेच दिसतं.

आठवड्याला एक लेखन करा: एकदा ब्लॉग, एकदा भाषण, एकदा तक्रारीचं पत्र, एकदा मुलाखत. शिक्षकांनी तपासून दिल्यावर स्वतःच्या हाताने पुन्हा लिहा. नुसत्या लाल खुणा बघून काही सुधारत नाही.

साहित्यकृती आणि तोंडी परीक्षा

पुस्तकं शाळा निवडते. पहिल्या वाचनात शब्दकोश बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रकरणानंतर स्पॅनिशमध्ये चार ओळींत काय घडलं ते लिहा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगासाठी तीन गोष्टी नोंदवा: आधी काय घडलं, या प्रसंगात कोण काय लपवतंय, आणि पुढे त्याचा परिणाम काय.

परीक्षेत दोन्ही पुस्तकांतला एकेक उतारा मिळतो, जास्तीत जास्त 300 शब्दांचा. त्यातला एक निवडायचा. तयारीला 20 मिनिटं, टिपणं दहा मुद्द्यांपर्यंत. मग तीन-चार मिनिटं तुम्ही बोलायचं, चार-पाच मिनिटं शिक्षकांचे त्यावरचे प्रश्न आणि शेवटी पाच-सहा मिनिटं अभ्यासक्रमातल्या पाच विषयसूत्रांपैकी एखाद्यावर गप्पा. इथे साहित्यसमीक्षा अपेक्षित नाही. उतारा समजला आहे आणि त्याबद्दल तुम्ही बोलू शकता, एवढंच दाखवायचं असतं.

म्हणून सादरीकरण तोंडपाठ करू नका. पाठ केलेलं पहिल्या प्रश्नाला तुटतं आणि मग मुलं गप्प होतात. त्याऐवजी जोडीदाराबरोबर सराव करा. तो कुठलंही पान उघडेल, तुम्ही 20 मिनिटं तयारी करून बोलाल, मग तो आडवेतिडवे प्रश्न विचारेल. प्रश्न कळला नाही तर ‘पोद्रीआ रेपेतिर ला प्रेगुंता?’ असं विचारा. उत्तर ‘सी’ किंवा ‘नो’वर कधीच थांबवू नका, मागोमाग ‘पोर्के’ (कारण) जोडा, एक उदाहरण द्या. शिक्षकांशी संवाद कसा चालवता, यालाही या परीक्षेत 6 गुण आहेत.