किमोनो घालून कामाकुरा पाहताना

टोकियोहून योकोसुका मार्गाच्या रेल्वेने साधारण तासाभरात कामाकुरा येते. बाराव्या शतकाच्या अखेरीस मिनामोतो नो योरितोमो या सेनानीने येथून लष्करी राजवटीचा कारभार सुरू केला आणि १३३३ मध्ये ती राजवट कोसळली. तिच्या आश्रयाने वाढलेली मंदिरे मात्र तीन बाजूंचे डोंगर आणि चौथ्या बाजूचा समुद्र यांच्यामध्ये आजही नांदती आहेत. हे गाव किमोनो घालून पाहण्याची हौस अनेकांना असते आणि ती जरूर पुरवावी. फेरफटक्याचा बेत मात्र किमोनोच्या चालीने आखावा. किमोनोतले पाऊल साडीतल्या पावलापेक्षाही आखूड पडते, कारण साडीला निऱ्यांचा घेर असतो आणि किमोनो पायांभोवती सरळ गुंडाळलेला असतो. एरवी एका दिवसात सहा ठिकाणे होत असतील, तर किमोनोत तीन धरावीत.

स्थानकाच्या परिसरात किमोनो भाड्याने देणारी दुकाने आहेत. काही हजार येनांत किमोनो, ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, नागाजुबान म्हणजे आतून घालायचा झगा, अंगठा वेगळा असणारे ताबी मोजे, झोरी चपला आणि हातातली लहान पिशवी असा सगळा संच मिळतो. वेळ आधी ठरवून घ्यावी आणि आपली उंची व नितंबांचा घेर दुकानाला न संकोचता कळवावा, कारण घेर कमी पडला की चालताना पुढचा पदर उघडा पडतो आणि मग दिवसभर एक हात त्यातच अडकून राहतो. कपडे चढवायला अर्धा ते पाऊण तास लागतो, केशरचना करून घ्यायची असल्यास त्याहून अधिक. संध्याकाळी किमोनो परत देण्याची वेळ ठरलेली असते. ती निघण्यापूर्वीच विचारून घ्यावी.

ऋतूचा विचार रंगाच्या आधी करावा. रूढीप्रमाणे ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, तर जुलै-ऑगस्टमध्ये झिरझिरीत विणीचा किमोनो किंवा सुती युकाता वापरतात. युकाता हा उन्हाळ्याचा घरगुती धाटणीचा पोशाख आहे. थंडीत तो देखणा वाटला तरी निवडू नये.

एक गोष्ट स्वतः तपासावी. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीच्या वर यावी, स्त्रियांची आणि पुरुषांचीही. उजवी बाजू वर ठेवून किमोनो मृत व्यक्तीला नेसवतात, त्यामुळे ही चूक पाहणाऱ्याच्या मनाला लागते. दुकानातली माणसे ती करत नाहीत, पण आपण प्रसाधनगृहात किमोनो सैल करून पुन्हा सारखा करतो तेव्हा ती सहज होऊ शकते.

झोरी पायात पूर्ण आत सारू नयेत. अंगठ्याजवळचा पट्टा हलकेच पकडावा आणि टाच चपलेच्या मागे थोडी बाहेर राहू द्यावी. जपानमध्ये हाच योग्य बेत मानतात. दुकानातून निघण्यापूर्वी तो पट्टा दोन्ही हातांनी ताणून सैल केला, तर बोटांच्या बेचक्यात फोड येण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. तरीही जखमेवर लावायच्या दोन पट्ट्या पिशवीत असाव्यात. पावले किंचित आत वळवून, गुडघे जवळ ठेवून चालावे. पहिली दहा मिनिटे अवघडल्यासारखे होते, मग अंग आपोआप त्या लयीत येते.

सुरुवात दानकाझुरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्सुरुगाओका हाचिमान्गू या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानाकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या मधोमध हा उंच केलेला पादचारी मार्ग आहे. पत्नी मासाको गरोदर असताना तिची सुखरूप सुटका व्हावी म्हणून योरितोमोने ११८२ मध्ये तो बांधवला. दोन्ही बाजूंना चेरीची झाडे आहेत आणि देवस्थानाच्या दिशेने जाताना मार्ग हळूहळू अरुंद होत जातो, त्यामुळे तो आहे त्याहून लांब भासतो. सपाट आणि वाहनांपासून वेगळा असल्याने किमोनोची चाल अंगवळणी पाडायला याहून चांगली जागा गावात नाही.

देवस्थानात शिरताना तोरिई कमानीपाशी थोडे वाकून नमस्कार करावा आणि मार्गाच्या अगदी मध्यातून चालू नये, कारण मधली वाट देवाची मानतात. हात धुण्याच्या कुंडापाशी मात्र जरा थांबावे लागते. पळीने आधी डाव्या हातावर, मग उजव्या हातावर पाणी घ्यावे, डाव्या तळव्यात पाणी घेऊन चूळ भरावी आणि शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा धुवावा. हे सर्व करताना लोंबती बाही पाण्यात बुडते किंवा दांड्यावरून ओघळलेले पाणी तिच्यात शिरते. त्यासाठी एका हाताने पळी धरताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्या हाताच्या बाहीची कड धरून ठेवावी. चहाच्या पेल्याकडे हात नेताना किंवा रेल्वेत वरची कडी पकडतानाही हेच करावे.

वर मुख्य मंदिराकडे ६१ पायऱ्यांचा दगडी जिना जातो. चढताना उजव्या हाताने किमोनोचा वर आलेला डावा पदर मांडीजवळ धरून किनार घोट्याच्या थोडी वर उचलावी, दोन्ही बाह्या डाव्या हातात घ्याव्यात आणि अंग किंचित तिरपे ठेवून एकेक पायरी चढावी. उतरताना घाई केली तर मागची किनार झोरीखाली येते; म्हणून कडेने, गर्दीला वाट देत उतरावे. या जिन्याशेजारी प्रचंड गिंको वृक्ष होता. मार्च २०१० मधल्या वाऱ्यात तो उन्मळून पडला, पण त्याच्या बुंध्यातून फुटलेले नवे कोंब आज वाढताना दिसतात. तेथे क्षणभर थांबले की दमही खाल्ला जातो. दर्शन घेताना दोनदा वाकावे, दोन टाळ्या वाजवाव्यात आणि पुन्हा एकदा वाकावे. हा शिंतो रिवाज आहे. बौद्ध मंदिरात टाळ्या न वाजवता केवळ हात जोडावेत.

परतताना कोमाची-दोरी या गजबजलेल्या बाजाररस्त्याने यावे, मात्र हातात खाद्यपदार्थ घेऊन चालू नये. गर्दीत चालता चालता खाणे टाळावे, असे आवाहन कामाकुरा शहराने २०१९ पासून नियम करून केले आहे, आणि परक्याच्या रेशमावर सोया सॉसचा डाग पाडण्याची वेळही त्यामुळे येत नाही. घारींचीही काळजी घ्यावी. त्या मागून झडप घालून हातातला घास नेतात, समुद्राकाठी तर विशेषच. जेवायला बसताना ओबीची गाठ खुर्चीच्या पाठीवर दाबली जाणार नाही अशा बेताने पुढच्या अर्ध्या भागावर बसावे आणि गळ्यापासून मांडीपर्यंत मोठा रुमाल पसरावा. जेवण माफकच असावे, कारण घट्ट बांधलेली ओबी पोटाला वाढायला जागा देत नाही.

दुपारपर्यंत गळ्याचा काठ ढिला होतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. ओबीखाली कापडाची जी आडवी घडी दिसते तिला ओहाशोरी म्हणतात. ती घडी उचलून वरच्या, म्हणजे डाव्या काठाचे टोक शोधावे आणि खाली ओढावे. आतला उजवा काठ आवळण्यासाठी डाव्या काखेखालच्या फटीतून हात आत घालावा आणि तो काठ डाव्या बाजूला ओढून घ्यावा. पुरुषांच्या किमोनोला ही फट नसते, पण त्यांची ओबी खाली, कमरेवर बसते आणि बांधणीही साधी असते, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी होतो. प्रसाधनगृहात बाह्या आधी ओबीत खोचाव्यात, मग किमोनो, नागाजुबान आणि आतले वस्त्र असे एकेक पदर वर उचलून धरावे. खाली सोडताना क्रम उलटा ठेवावा. आरशापुढे मागची बाजू पाहायला विसरू नये. अनेकदा किनार ओबीतच अडकून राहते.

दुपारनंतर एनोडेनने हासेला जावे. १९०२ मध्ये सुरू झालेली ही छोटी रेल्वे घरांच्या अगदी जवळून जाते, आणि कामाकुरापासून हासे तिसरे स्थानक आहे. तेथून दहा मिनिटांत कोतोकु-इन मंदिराचा महाबुद्ध येतो: सुमारे ११.३ मीटर उंच, १२१ टनांची कांस्यमूर्ती, जिचे ओतकाम १२५२ मध्ये सुरू झाले. तिच्यावरचे दालन वादळांत आणि लाटांत नष्ट झाले आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून अमिदा बुद्ध उघड्या आभाळाखाली बसले आहेत. मूर्तीच्या पोटात जाता येते, पण आतला जिना अरुंद आणि काळोखी आहे. ओबीची गाठ धातूला घासते, म्हणून किमोनोत आत जाऊ नये. पटांगणातूनच, थोड्या बाजूने पाहिले की खांद्यांचा हलकासा बाक दिसतो. माझ्या दृष्टीने मूर्तीचे खरे सौंदर्य तेथे आहे.

जवळच्या हासेदेरा मंदिरात ९.१८ मीटर उंचीची, अकरा मुखांची कान्नोनची, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाची, लाकडी मूर्ती आहे. तिच्या सभागृहापर्यंत पायऱ्या आहेत, पण सावकाश गेल्यास त्या जड जात नाहीत. जूनमध्ये वरच्या उतारावर हायड्रेंजिया फुलतात तेव्हा तेथील वाट गर्दीने भरून जाते. त्या दिवसांत किमोनोने वर जाण्यापेक्षा खालची बाग पाहावी. तेथील बेंतेन देवीची गुहाही वगळावी, कारण आत वाकून चालावे लागते.

किता-कामाकुरा या उत्तर भागातली १२५३ मधील केंचो-जी आणि १२८२ मधील एंगाकु-जी ही झेन मंदिरे मोलाची आहेत, मात्र तेथे चढ बरेच आहेत. ती दुसऱ्या दिवशी, साध्या कपड्यांत पाहावीत. गर्दी नकोशी झाली तर हासेऐवजी बसने होकोकु-जी मंदिरात जावे आणि बांबूच्या बनाकडे तोंड करून एक वाटी माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, प्यावा. जेथे पादत्राणे काढून आत जायचे असते तेथे पांढऱ्या ताबींचे तळवे चटकन मळतात, म्हणून एक जादा जोडी सोबत असावी.

पावसाची चिन्हे असतील तर रेशमाऐवजी धुता येणारा पॉलिस्टरचा किमोनो मागावा. डाग पडलाच तर चोळू नये. कोरड्या रुमालाने फक्त टिपावा आणि परत देताना स्वतःहून दाखवावा, म्हणजे तो काढण्याचे काम लवकर सुरू होते. किमोनो उतरवण्यापूर्वी दोन्ही बाह्यांचे लोंबते कोपरे चाचपून पाहावेत. बाहीचा तो कोपरा खिशासारखा असतो, आणि दिवसभरात नकळत ठेवलेली मंदिरांची तिकिटे, एनोडेनची पावती आणि क्वचित एखादे पाच येनाचे नाणे तेथेच पडून राहिलेले असते.