पुणे–गोवा रिले: आधी डिकी भरा

डेक्कन क्लिफहँगर म्हणजे पुणे ते गोवा सायकल शर्यत, ६४३ किलोमीटर. आळीपाळीने चालवणारी चौघांची टीम म्हटली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एकशे साठ येतात, आणि बीआरएम (ठरल्या वेळेत दोनशे किंवा जास्त किलोमीटरची सायकल राईड) केलेला कोणीही म्हणतो, एवढं तर आपण रविवारी मारतो. पाय बहुतेकांचे तयार असतात. सोबतच्या गाडीची डिकी नसते.

तरी सरावाचं आधी उरकतो. रिलेत तासभर जीव काढून चालवायची, मग तीन तास गाडीत गुडघे मुडपून बसायचं आणि आखडलेल्या पायांनी पुन्हा चढाला लागायचं. तालीमही तशीच हवी. पहाटे चारला जुना कात्रज घाट, मग गाडीत डुलकी, सातला पुन्हा तोच घाट. दोन महिन्यांत तीन-चारदा झालं तरी पुरे.

आता डिकी. ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, पंप, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक सगळेच घेतात, हँगर विसरतात, म्हणजे मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा. वाईच्या अलीकडे आमच्यातल्या एकाची सायकल उभ्या उभ्या आडवी झाली. ओरखडाही नाही, पण हँगर वाकला आणि डिरेल्युअर स्पोकला घासू लागला. जादा हँगर होता, पण दुसऱ्याच्या सायकलचा. बोटाच्या पेराएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा, पण जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा. तेव्हा चौघांचे चार हँगर, चार पाकिटांत, वर नाव. जादा चाकाचंही तेच: ते रिम ब्रेकचं की डिस्कचं, कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) अकराची की बाराची, आणि कोणाकोणाला चालेल, हे टेपवर मार्करने लिहून चाकालाच चिकटवा.

रात्री गाडी सायकलच्या मागे चालते. दिव्यांच्या उजेडात स्वाराची सावली लांबलचक पुढे पडते आणि खड्डा नेमका त्या सावलीत लपतो, म्हणून सायकलचा स्वतःचा दिवा दणकट हवा आणि चार्जर गाडीत लावूनच ठेवायचा. पंचवीसच्या वेगाने गाडी हाकताना स्वाराआधी ड्रायव्हर पेंगतो. ड्रायव्हर दोन घ्या, आणि आदल्या रात्री त्यांना सामान भरायला जागवू नका.

खाणं थोडक्यात: तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे दोन-अडीच केळी. एनर्जी जेलचा कंटाळा येतो, तेव्हा मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि राजगिऱ्याचे लाडू ठेवा. ओआरएसची पुडी अख्ख्या लिटरभर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. सरावात न खाल्लेलं काहीही त्या दिवशी पोटात घालू नका, घाटातल्या स्ट्रॉबेरीसुद्धा.

स्वार कसा बदलायचा ते रिकाम्या रस्त्यावर वीस वेळा करून पाहा. नियम त्या वर्षीच्या पत्रकातूनच घ्या. ही स्पर्धा अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘राम’ची (रेस अक्रॉस अमेरिका) पात्रता फेरी आहे. तिथे २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममधून सुमारे ४,८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केले. दोघंच, म्हणजे किती वेळा बदल झाले असतील, हिशेब करा.

शेवटचं, गाडीची दुसरी किल्ली. ती क्रूमधल्या, म्हणजे गाडीतल्या मदतनीसांपैकी, एकाच्या गळ्यात अडकवा. पहिली हमखास, जो नुकताच सायकलवर गेला त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात असते.