जेडची फांदी लावताना घाई नको

माझं पहिलं जेड ऐन जुलैत गेलं. डोंबिवलीतल्या आमच्या घराची गॅलरी पश्चिमेला, पावसाची झड थेट आत येते. कुंडीतली माती आधीच ओलीगच्च, आणि तुळशीला पाणी घालता घालता हात आपोआप जेडकडेही वळायचा. एका सकाळी कुंडीभोवती पानांचा सडा पडलेला दिसला. खोड मातीलगत दाबून पाहिलं, तर पिकून गेलेल्या चिकूत जावा तसा अंगठा आत गेला. शेंड्याकडच्या तीन फांद्या तेवढ्या टणक होत्या. त्या कापून घेतल्या, त्यातली एक जगली. आज गॅलरीत आहे ते तिचंच झाड, नऊ वर्षांचं.

रोप आणायला जाल तेव्हा एक गोष्ट आधी बघा. आपल्याकडच्या नर्सरीत ‘जेड’ म्हणून मागितलं की बरेचदा पोर्टुलाकारिया आफ्रा हातात ठेवतात. बारीक, नखाएवढी गोल पानं आणि तांबूस काड्या असतील तर ते हे झाड. खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. त्याची पानं चांगली मोठी, जाड, तुकतुकीत, आणि खोड पहिल्यापासूनच गुबगुबीत. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेतली, पण एका कुळातली नाहीत. पोर्टुलाकारिया तिकडे हत्तींचा आवडता चारा आहे. हत्ती वरून ओरबाडून खातात, खाली पडलेले तुकडे जमिनीवरच मुळं धरतात. ते झाडही गुणी आहे, पाणी थोडं जास्त झालं तरी सांभाळून घेतं, पण नुसत्या पानापासून ते सहसा होत नाही. पानापासून रोप करायचं असेल तर क्रॅसुलाच हवं. मी पुढे लिहितेय ते त्याच्याबद्दल.

हे झाड दिवसा उन्हात पानांवरची सूक्ष्म छिद्रं मिटून घेतं. रात्री गारव्यात ती उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं आणि दिवसा तो वापरतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी फार कमी उडतं. तुळस दुपारी मान टाकते, जेड पंधरा दिवस तसंच उभं असतं, ते यामुळे. आपल्याकडे त्याला उन्हाळ्यापेक्षा पावसाळा जास्त जड जातो.

म्हणून माती अशी हवी की पाणी घातलं आणि खालून निघून गेलं. मी दोन भाग साधी बागेची माती, दोन भाग जाडसर वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, आणि एक भाग गांडूळखत घेते. वाळू चाळून बारीक कण काढून टाकते, ते राहिले की माती सिमेंटसारखी बसते. नर्सरीतून आणलेलं रोप बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, किंवा चिकट लाल मातीत असतं. पावसाळा तोंडावर असेल तर ते त्यातून काढाच. कुंडी मातीची, आणि मुळांपेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी. मोठ्या कुंडीत माती जास्त, म्हणजे ओलही जास्त दिवस राहते. कुंडीखाली बशी असेल तर त्यात साचलेलं पाणी ओतून द्या.

पाणी कधी घालायचं याला वार ठरवू नका. मी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी धुऊन, वाळवून कुंडीत तळापर्यंत खुपसते आणि पाच मिनिटांनी काढते. काडीला माती चिकटली, काडी गार लागली, तर पाणी नाही. कोरडी आली तर तळातून निघेपर्यंत भरपूर. माझ्याकडे उन्हाळ्यात हे साधारण आठ-दहा दिवसांनी येतं, थंडीत तीन आठवड्यांनी. जून ते सप्टेंबर झाड झड लागणार नाही असं आत घेते आणि महिन्यातून एखाद्या वेळेसच पाणी देते.

पानं सुरकुतली की तहान लागली असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण माती कोरडी असेल तरच. माती ओली आणि पानं सुरकुतलेली, तर मुळं कुजलेली आहेत, वरचं पाणी पानांपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी अजून पाणी घातलं की झाड संपलं. लगेच उपटून बघा. काळी, मऊ मुळं कापून टाका. खोडापर्यंत कूज चढली असेल तर वरची फांदी वाचवा.

फांदी कापताना सुरी स्पिरिटने पुसून घ्या. कापलेला भाग नीट न्याहाळा: सगळा हिरवट-पांढरा असला पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडेला तपकिरी कडं दिसलं तर कूज तिथवर आली आहे. पुसा, अजून बोटभर वर कापा, पुन्हा बघा. मी त्या जुलैत एका फांदीवर पाच वेळा सुरी चालवली होती, तेव्हा कुठे स्वच्छ काप मिळाला.

निरोगी झाडाची फांदी घ्यायची तर चारेक इंच लांबीची घ्या. खोडावर जिथे पूर्वी पानं होती तिथे बारीक कंगोरे दिसतात, बरोबर त्यांच्या वर कापा. मागे राहिलेल्या खुंटाला तिथूनच बहुधा दोन फुटवे येतात. फांदीची खालची दोन जोड्या पानं काढा. आणि आता ती लावू नका. वर्तमानपत्रावर सावलीत आडवी ठेवून द्या. कापलेल्या जागी खपली धरली पाहिजे, बोट फिरवलं की कोरडं, खरखरीत लागलं पाहिजे. माझ्या मोठ्या जाऊबाई नाशिकला असतात. त्यांना याच झाडाची फांदी दिली होती, तिकडच्या कोरड्या हवेत चार दिवसांत खपली आली. माझ्याकडे दमट हवेत आठ-दहा दिवस लागतात. तोवर पानं थोडी मऊ पडली तरी जीव घाबरा करू नका, पानांत साठा असतो.

मग किंचित ओलसर मातीत दीड इंच खोचा, हलू नये म्हणून काडीचा आधार द्या, आणि आठवडाभर पाणी घालू नका. तीन-चार आठवड्यांनी अलगद ओढून बघा, अडली तर मुळं आली. यासाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम, नाहीतर पाऊस गेल्यावर ऑक्टोबर. भर पावसात लावावं लागलं ते पहिलं झाड मरत होतं म्हणून.

पानापासून वेळ लागतो, पण मला ते बघायला फार आवडतं. पान तोडू नका, डावी-उजवीकडे हलवत देठापासून अख्खं सोडवा, तळ फाटला तर काही येत नाही. दोन-तीन दिवस बशीत ठेवा, मग वाळूमिश्रित मातीवर नुसतं टेकवा, पुरू नका. साधारण महिन्याभरात तळाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं दिसतात, मागोमाग तांदळाच्या दाण्याएवढी दोन पानं. तेव्हापासून मुळांपाशी थेंब थेंब पाणी. जुनं पान सुकत जातं, ते ओढून काढू नका, पिल्लू त्याच्यावरच जगत असतं. दोन-तीन इंचांचं रोप व्हायला वर्ष जातं.

ऊन सकाळचं तीन-चार तास मिळालं तर झाड ठेंगणं, भरीव राहतं. उजेड कमी पडला की दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि फांद्या लोंबतात. पैशाचं झाड म्हणून पुष्कळ जण ते तिजोरीजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, तिथे ते हळूहळू मरतं, खिडकीशी आणा. पण आतलं झाड एकदम मे महिन्याच्या दुपारी बाहेर काढलंत तर पानांवर करपल्याचे तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. दोन आठवडे थोडं थोडं ऊन वाढवा.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा, आधी एका पानावर लावून दोन दिवस बघा, आणि आठवड्याने पुन्हा तपासा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड उंचावर ठेवा, त्यांनी पानं खाल्ली तर उलट्या होतात.

गेल्या रविवारी मी शेंडे खुडले. सहा फांद्या स्वयंपाकघरातल्या फळीवर वर्तमानपत्रावर आहेत. चार जणींनी मागितल्यात, पण खपली धरल्याशिवाय एकही देणार नाही.